अहवालातील दोन ओळी : बुरशीचे बीजाणू आणि विकृत पेशी

अंगावरून पांढरे जाणे, खाज सुटणे आणि कंबर दुखणे या तीन तक्रारी ज्याच्याकडे रोज येत नाहीत असा वैद्य आपल्या संघटनेत क्वचितच असेल. कबनूर, चंदूर, कोरोची, यड्राव या इचलकरंजीच्या भोवतालच्या गावांत यंत्रमागावर पोट असणाऱ्या कुटुंबांतील स्त्रिया या तक्रारी घेऊन प्रथम आपल्याकडे येतात. दिवसभर कांड्या भरून, घरचे सारे उरकून त्या येतात आणि ‘अंगावर जातंय’ एवढेच दोन शब्द खालमानेने सांगतात. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाणे त्यांना मोठ्या आजाराची कबुली दिल्यासारखे वाटते. वैद्याकडे येणे घरच्यासारखे वाटते. हा विश्वास हेच आपले भांडवल आहे आणि त्या विश्वासातून येणाऱ्या एका जबाबदारीविषयी आम्हांस येथे लिहावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी अशीच एक बेचाळीस वर्षांची भगिनी आरोग्य शिबिरात झालेल्या पॅप स्मिअर तपासणीचा अहवाल घेऊन आमच्याकडे आली. अहवालात महत्त्वाच्या ओळी दोनच होत्या. नमुन्यात कँडिडा जातीशी जुळणारे बुरशीचे बीजाणू व तंतू दिसतात, ही पहिली. काही शल्की पेशी असामान्य असून त्यांचा अर्थ अनिश्चित आहे, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी, ही दुसरी. आम्ही पहिली ओळ वाचली, ‘बुरशी आहे, जाईल’ असा धीर दिला आणि पंचवल्कल क्वाथाचे योनिधावन व पुष्यानुग चूर्ण सुरू केले. तीन आठवड्यांत खाज थांबली, स्राव कमी झाला. रुग्णा समाधानी, आम्हीही समाधानी. दुसरी ओळ कागदावरच राहिली.

दीड वर्षाने ती सुनेला घेऊन आली, तेव्हा बोलण्याच्या ओघात पतीसंबंधानंतर रक्त दिसते असे तिने सांगितले. पुन्हा तपासणी करून घेतली होती का, असे विचारता ती म्हणाली, “तुमीच म्हणाला हुतासा न्हवं, बुरशी हाय, जाईल म्हणून? गेली की. मग परत कशाला जायाचं?” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिला त्याच आठवड्यात कोल्हापुरास पाठविले. कोल्पोस्कोपी व बायोप्सी झाली. कर्करोगाच्या अलीकडची, परंतु तीव्र स्वरूपाची विकृती निघाली. गर्भाशयमुखाचा विकृत भाग काढून टाकण्यात आला आणि आज ती बरी आहे. तिचे दैव बलवत्तर होते. त्यात आमचे श्रेय काहीही नाही.

पहिली ओळ : बुरशी

कँडिडा ही बुरशी कित्येक निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गात अल्प प्रमाणात असते आणि तिचे नुसते असणे ही व्याधी नव्हे. गर्भावस्था, अनियंत्रित मधुमेह, प्रतिजैविकांचा वा स्टेरॉइडचा वापर, बलक्षय अशा कारणांनी तिची वाढ होते आणि मग कंडू, दाह व दह्याच्या कवडीसारखा घट्ट पांढरा स्राव ही लक्षणे दिसू लागतात. पापानिकोलाऊ पद्धतीने रंगविलेल्या काचपट्टीवर तिची दोन रूपे दिसतात. एक म्हणजे तीन ते सात मायक्रॉन आकाराचे, गोल वा लंबगोल, एकास एक अंकुर फुटलेले दाणे. शास्त्रदृष्ट्या या यीस्टच्या पेशीच होत. अहवालात मात्र त्यांस सर्रास ‘स्पोअर्स’ म्हणजे बीजाणू असे लिहिले जाते. दुसरे रूप लांब, गुलाबीसर तंतूंचे. हे तंतू शल्की पेशींच्या चळतींमधून आरपार गेलेले दिसतात, जणू सळईत ओवलेल्या चकत्याच.

काचपट्टीवर दिसणारी प्रत्येक बुरशी रुग्णेच्या शरीरातीलच असते असेही नाही. आल्टरनेरिया नावाच्या हवेतील बुरशीचे तपकिरी, गदेच्या आकाराचे, आडव्या-उभ्या पडद्यांनी विभागलेले बीजाणू पट्टीवर किंवा रंगद्रव्यात पडतात आणि भिंगाखाली मोठे विचित्र दिसतात. परागकण आणि कापसाचे धागेही असेच येऊन बसतात. ज्या परिसरात सुताची धूळ कायम हवेत असते तेथे शिबिर मागाच्या कारखान्याजवळ भरविताना पट्ट्या उघड्या न ठेवणे ही साधी गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. अनुभवी पेशीतज्ज्ञ असे बाहेरचे कण सहज ओळखतो. आपल्या दृष्टीने बोध एवढाच, की ‘बुरशीसदृश रचना’ हे शब्द वाचताच औषधाची चिठ्ठी लिहावयास घेऊ नये. अहवालात कँडिडा आहे, परंतु रुग्णेस कंडू, दाह, स्राव यांपैकी काहीही नाही, अशा वेळी केवळ अहवालावर उपचार करण्याचे कारण नसते. उलट, कँडिडाचा त्रास वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासल्याविना पुढे जाऊ नये.

दुसरी ओळ : पेशी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण बुरशी नाही. ते कारण म्हणजे ह्युमन पॅपिलोमा विषाणू, ज्यास आपण एचपीव्ही म्हणतो. या कर्करोगाशी त्याचा संबंध जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी उलगडला. १९८३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार वेगळा केला आणि २००८ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू वर्षा-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो त्यांच्यापैकी काहींच्या पेशींत टप्प्याटप्प्याने विकृती होते आणि कर्करोग होईपर्यंत सामान्यतः पंधरा ते वीस वर्षे लागतात. एचआयव्हीसारख्या कारणाने व्याधिक्षमत्व घटले असल्यास हा काळ पाच ते दहा वर्षांवर येतो. इतकी दीर्घ सवड देणारा कर्करोग विरळाच. तरीही ग्लोबोकॅनच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा रोग जडला आणि सुमारे ऐंशी हजार स्त्रिया त्याने दगावल्या.

पॅप अहवाल लिहिण्याची जी बेथेस्डा पद्धत १९८८ पासून रूढ झाली आणि पुढे २००१ व २०१४ मध्ये सुधारली गेली, तीत जंतूंची नोंद आणि पेशींचा निर्णय हे वेगवेगळे ठेवलेले आहेत. कँडिडाची नोंद ही अर्बुदाशी संबंध नसलेल्या निष्कर्षांत मोडते. पेशींच्या निर्णयात अनेक पायऱ्या आहेत : विकृती नाही, असामान्य पेशी, अर्थ अनिश्चित, असामान्य पेशी, तीव्र विकृती नाकारता येत नाही, सौम्य विकृती, तीव्र विकृती, आणि कर्करोग. ग्रंथिपेशींच्या असामान्यतेचा वर्ग निराळा आहे आणि तो नेहमीच गंभीरपणे घ्यावयाचा असतो.

दोन्ही ओळी एकाच कागदावर आल्या की गोंधळ का होतो हे समजून घेतले पाहिजे. बुरशीमुळे झालेल्या शोथात निरोगी पेशींचेही रूप थोडे पालटते. केंद्रक किंचित मोठे होते आणि त्याभोवती लहानसे फिकट वलय उमटते. एचपीव्हीने बाधित पेशीतही केंद्रकाभोवती वलय असते. मात्र ते मोठे, स्वच्छ, ठसठशीत कडेचे असते आणि आतील केंद्रक वेडेवाकडे, गडद रंगाचे असते. या दोहोंच्या सीमेवरच्या पेशी दिसल्या की तज्ज्ञ ‘अर्थ अनिश्चित’ असे लिहितो. म्हणजे बुरशीमुळेच पेशी तशा दिसल्या असण्याची शक्यता खरोखरच असते. परंतु ती केवळ शक्यता होय. बुरशी बरी झाली म्हणून पेशीही निर्दोष होत्या असे त्यावरून सिद्ध होत नाही. ते सिद्ध करण्याचा मार्ग एकच, पुन्हा तपासणी किंवा एचपीव्ही चाचणी.

चरकाने सांगितलेली आठ कारणे

आमचे काही स्नेही म्हणतील की हा सारा पेशीविचार आपल्या शास्त्राबाहेरचा आहे. आम्हांस तसे वाटत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या, तिस्रैषणीय अध्यायात, असलेली वस्तूही प्रत्यक्ष का दिसत नाही याची आठ कारणे दिली आहेत : अतिसन्निकर्ष, अतिविप्रकर्ष, आवरण, करणदौर्बल्य, मनोऽनवस्थान, समानाभिहार, अभिभव आणि अतिसौक्ष्म्य. वाचकांनी ती या प्रश्नास लावून पाहावीत. विकृत पेशी डोळ्यांस दिसत नाही हे अतिसौक्ष्म्य. शोथाच्या, पूयाच्या पेशींच्या दाट थराखाली ती झाकली जाते हे आवरण. शोथाने बदललेल्या निरोगी पेशींत मिसळून ती ओळखू येत नाही हा समानाभिहार. खाज आणि स्राव यांच्या तीव्रतेपुढे मूक विकृतीकडे लक्ष जात नाही हा अभिभव. आणि हातातल्या अहवालाची दुसरी ओळ न वाचणे हे मनोऽनवस्थान. आमच्या हातून जी चूक झाली तिचे नाव आमच्याच ग्रंथात होते.

योनिव्यापदांचा विचारही याच दिशेने नेतो. चरकाने चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात आणि सुश्रुताने उत्तरतंत्राच्या अडतिसाव्या अध्यायात वीस व्यापदे वर्णिली आहेत. पिच्छिल स्राव व कंडू असणारी श्लैष्मिकी, अधावनामुळे जंतू होऊन कंडू उत्पन्न करणारी चरकोक्त अचरणा, गर्भिणीस होणारी उपप्लुता ही वर्णने वाचताना कँडिडाच्या रुग्णा डोळ्यांसमोर उभ्या राहतात. परंतु अर्बुद ही व्याधी आचार्यांनी या यादीत विरघळवून टाकलेली नाही. स्थिर, मंद वेदनेचे, दीर्घकाळ वाढणारे, न पिकणारे असे तिचे स्वतंत्र वर्णन सुश्रुताने केले आणि दोष शेष राहिल्यास अर्बुद पुन्हा उद्भवते हेही सांगितले. स्रावाची व्यापद शमविली म्हणजे अर्बुदाचा विचार संपला, असे म्हणण्यास ग्रंथांचा आधार नाही. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील यंत्रविधी अध्यायात तर योनिव्रणेक्षण यंत्राचे माप सोळा अंगुळे असे सांगितले आहे. पाहण्यासाठी यंत्र हवे हे ज्यांनी जाणले, त्यांचे वारस म्हणविणाऱ्या आपल्यापैकी किती जण स्पेक्युलम न लावता केवळ प्रश्न विचारून श्वेतप्रदराची चिकित्सा करतात, हे ज्याचे त्याने स्वतःशी तपासावे.

आपल्या उपचारांनी झाकला जाणारा पुरावा

येथे एक मुद्दा खास आपल्या चिकित्सेपुरता आहे आणि तो अन्य वैद्यकाच्या पुस्तकांत सापडणार नाही. पॅप तपासणीपूर्वी किमान ४८ तास योनिमार्गात कोणतेही द्रव्य जाता कामा नये. योनिधावनाने तपासणीस हव्या असलेल्या सुट्या पेशी धुऊन जातात. पिचूतील तैल किंवा घृत पट्टीवर पसरून पेशी झाकते आणि रंग नीट बसू देत नाही. वर्ती आणि धूपन यांसही हाच नियम लावावा. शिबिरासाठी रुग्णांची यादी करताना आपण हे सांगत नाही, रुग्णा सकाळी धावन करून येते, आणि नमुना अपुरा किंवा अस्पष्ट असा अहवाल आला की प्रयोगशाळेस दोष देतो.

याहून गंभीर गोष्ट गर्भाशयमुखावरील क्षारकर्म व अग्निकर्म यांची. गर्भाशयमुख लाल, खरखरीत दिसले की ‘क्षत’ समजून त्यावर क्षार लावण्याची प्रथा आहे आणि निवडक रुग्णांत तिचा उपयोगही होतो. परंतु पेशींचा अहवाल हाती नसताना हे कर्म केल्यास वरचा थर जळून बरा दिसतो आणि आतील विकृती शिल्लक असेल तर ती झाकली जाते. पॅप किंवा एचपीव्ही अहवाल निर्दोष असल्याखेरीज गर्भाशयमुखावर क्षार वा अग्नी लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तसेच जेथे डोळ्यांना व्रण, मांसांकुर किंवा स्पर्शाने रक्त देणारा भाग दिसतो तेथे पॅप करीत बसण्यातही अर्थ नाही. तेथे बायोप्सी हवी, कारण दृश्य कर्करोगाच्या पृष्ठभागावरील मृत पेशी व पूय यांमुळे पॅप फसवू शकते.

बार्शीने दिलेला धडा

या रोगाविषयी जगास मार्गदर्शक ठरलेले काम आपल्याच महाराष्ट्रातील खेड्यांत झाले आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालविली. पुढे त्याच रुग्णालयाने टाटा स्मारक रुग्णालय व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या सहकार्याने त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांच्या ५२ गटांत १९९९ पासून मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. एका गटास एकदाच एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यास पेशीतपासणी, तिसऱ्यास अॅसेटिक आम्ल लावून पाहणी आणि चौथ्या गटास नेहमीची आरोग्यसेवा अशी विभागणी होती. डॉ. शंकरनारायणन, डॉ. नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, आठ वर्षांत नेहमीच्या सेवेच्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले, तर एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. एकदा केलेल्या पेशीतपासणीने किंवा पाहणीने मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही.

मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांत दुसरा अभ्यास केला. तेथे प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत अॅसेटिक आम्लाची पाहणी केली आणि मृत्यूंत ३१ टक्के घट झाली. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या दोन अभ्यासांतून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. एकदा निर्दोष आलेली पॅप ही आयुष्यभराची हमी नव्हे. आणि साधी पाहणीही पुन्हापुन्हा, निष्ठेने केली तर जीव वाचवते. ती करण्यास मोठ्या पदव्या लागत नाहीत. असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या ज्या स्त्रियांची ही तपासणी आयुष्यात कधी तरी झाली होती त्यांचे देशातील प्रमाण केवळ १.९ टक्के निघाले. म्हणजे आपल्याकडे पांढऱ्या पाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी अठ्ठ्याण्णव जणींच्या हाती अहवालच नसतो. दुसरी ओळ वाचण्याचा प्रश्न त्यानंतरचा.

दुसरे टोक : भीती

विकृत पेशींची ओळ दुर्लक्षिणे हे एक टोक असेल, तर तिचा बागुलबुवा करणे हे दुसरे. ‘पिशवीच्या तोंडाला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका’ हे वाक्य आपल्या भागातील किती स्त्रियांनी ऐकले असेल याची गणती नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. कित्येकींच्या मूळ तक्रारी अंगावर जाणे, पोटदुखी, अनियमित पाळी अशा रोजच्याच होत्या.

म्हणून रुग्णेस सांगताना शब्द जपून वापरले पाहिजेत. ‘असामान्य पेशी, अर्थ अनिश्चित’ म्हणजे कर्करोग नव्हे. अशा बहुतेक स्त्रियांत पुढे काहीही निघत नाही. सौम्य विकृतीही पुष्कळदा आपोआप नाहीशी होते. तीव्र विकृती असली तरी बहुधा गर्भाशयमुखाच्या लहानशा भागावर उपचार पुरतात, गर्भाशय काढावे लागतेच असे नाही. हे सारे त्या स्त्रीस तिच्या भाषेत, शक्य तर तिच्या पतीस किंवा सासूस समोर बसवून समजावून सांगणारा माणूस गावात कोण, असा विचार केला तर उत्तर पुन्हा आपल्यापाशीच येते.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा, की रुग्णेस पुढे पाठविले तर ती परत येत नाही, आपला व्यवसाय बुडतो. आमचा अनुभव याउलट आहे. वर सांगितलेली भगिनी आज तिच्या गल्लीतील स्त्रियांना घेऊन आमच्याकडे येते. ज्याने वेळेवर पाठविले त्यास रुग्ण विसरत नाही. ज्याने अडवून ठेवले त्यासही विसरत नाही.

दुसरा आक्षेप असा, की आपल्या औषधांनी विकृत पेशीही सुधारतात, मग पाठवावे कशाला? औषधांविषयीचा असा विश्वास आम्ही समजू शकतो. परंतु सौम्य विकृती बहुधा आपोआप मावळते, त्यामुळे औषधानंतर अहवाल सुधारला म्हणजे औषधानेच सुधारला असे ठरत नाही. ज्यांना हा दावा करावयाचा आहे त्यांनी रीतसर अभ्यास करावा, तोवर रुग्णेस कोल्पोस्कोपीपासून वंचित ठेवू नये. कर्करोग बरा करण्याची, तसेच गर्भाशयाच्या विकारांवरील उपायांची जाहिरात करण्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याने मनाई आहे, हेही येथे स्मरणात असावे.

तिसरा आक्षेप खर्चाचा व लाजेचा आहे आणि तो खरा आहे. एक दिवसाची मजुरी बुडवून कोल्हापूर-मिरजेस जाणे मागाच्या घरातील स्त्रीस सोपे नाही. परंतु केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अॅसेटिक आम्लाची पाहणी शासकीय आरोग्य केंद्रांत व्हावी असे नमूद आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. हे रुग्णेस माहीत नसते, ते आपण सांगावयाचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीसाठी स्त्रीने स्वतः घेतलेला नमुनाही ग्राह्य मानला आहे. लाजेमुळे तपासणी टाळणाऱ्या स्त्रियांसाठी ही मोठी सोय ठरू शकेल.

आमची विनंती

संघटनेच्या सदस्यांनी निदान पुढील नियम स्वतःस लावून घ्यावेत, अशी आमची विनंती आहे.

१. श्वेतप्रदराच्या प्रत्येक विवाहित रुग्णेची स्पेक्युलम लावून पाहणी करावी. स्त्री-सहायिका उपस्थित असावी आणि रुग्णेची संमती घ्यावी. स्वतः पाहणे शक्य नसेल तर जेथे शक्य आहे तेथे पाठवावे.

२. पॅप अहवालात जंतूंची नोंद व पेशींचा निर्णय या दोन्ही ओळी वाचून रुग्णपत्रिकेवर वेगवेगळ्या लिहाव्यात. पहिलीवर लक्षणानुसार चिकित्सा करावी. दुसरीत ‘विकृती नाही’ याखेरीज काहीही असले तरी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी.

३. पुन्हा तपासणीची तारीख पत्रिकेवर आणि रुग्णेच्या हातातील कागदावर, दोन्हीकडे लिहावी. ती न आल्यास निरोप धाडावा.

४. तपासणीपूर्वी ४८ तास धावन, पिचू, वर्ती बंद ठेवावे. अहवालाविना क्षारकर्म, अग्निकर्म करू नये.

५. पतीसंबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यानंतर रक्त दिसत असेल तर जुना अहवाल निर्दोष असला तरी त्याच आठवड्यात पुढे पाठवावे.

६. तीस वर्षांवरील प्रत्येक रुग्णेस, ती सर्दी-खोकल्यासाठी आली असली तरी, ‘ही तपासणी कधी झाली आहे का’ एवढे विचारावे. घरात किशोरवयीन मुलगी असेल तर एचपीव्ही लसीविषयीही सांगावे. पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेली देशी लस २०२३ पासून उपलब्ध आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ठरविलेले उद्दिष्ट असे, की २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना लस मिळावी, ७० टक्के स्त्रियांची पस्तिसाव्या व पंचेचाळिसाव्या वर्षी तपासणी व्हावी आणि विकृती आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांवर उपचार व्हावेत. हे आकडे जिनिव्हात ठरले असले तरी ते पुरे व्हावयाचे ते कबनूरसारख्या गावांत, आणि तेथे स्त्रिया प्रथम ज्याच्या दारात येतात तो बहुधा वैद्य असतो.

त्या भगिनीचा जुना अहवाल आम्ही आजही टेबलाच्या खणात ठेवला आहे. नवा अहवाल हाती आला की तो एकदा आठवतो, आणि मग आम्ही समोरचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. सर्व वैद्यबंधुभगिनींनीही तसे करावे, एवढेच आमचे नम्र निवेदन.